ताणाचे खड्डे

ज्या खांबावरून माझा नवनाथ पडला तो अजून रांध्याच्या माळावर उभा आहे. बस तिकडून गेली की दिसतो. वर पंखा फिरतो, खाली कोणाच्या तरी मळ्यात पाणी पडतं. लोखंडाला काही झालेलं नाही. मी खिडकीतून त्याच्याकडं रोखून बघते, मान वळवत नाही. शेजारी बसलेल्या बाईला वाटतं, म्हातारी पवनचक्की बघून चकित झाली. वाटू दे.

आम्ही शिरपूरकडचे, तापीच्या काठचे. सिल्वासाजवळ राखोलीच्या पत्र्याच्या खोलीत माझे केस पिकले, पण कोणी गाव विचारलं तर मी शिरपूरच सांगते. माझा नवरा कारभारी खड्डे खणणारा आणि खांब उभे करणारा. खड्डा काय कोणीही खणतो, असं ज्याला वाटतं त्यानं वैशाखात मुरमावर पहार मारून बघावी. कारभारीच्या खड्ड्याच्या भिंती ओळंब्यात, कोपरे सुरीनं कापल्यासारखे. अरविंदभाई ठेकेदार लहान पवनचक्क्या बसवायचा, कोणाच्या वाडीत, कोणाच्या हॉटेलावर. पायाचं काम निघालं की त्याचा माणूस आमच्या दाराशी येणार, हे ठरलेलं.

जुना खांब तीन पायांचा, शिडीसारखा, खाली काँक्रीटचा भला मोठा ठोकळा. पंख्याला ग्रीस द्यायचं, बोल्ट आवळायचे, तर माणसानं वर चढायचं. नवनाथ चढायचा. कमरेच्या पट्ट्याचा आकडा एका पट्टीतून काढून वरच्या पट्टीत अडकवायचा, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. माझी सून सोनी तेव्हा भाकरी झाकून त्याची वाट बघत बसली होती.

मी म्हणते, त्याला वाऱ्यानं नेला. कारभारी म्हणतो, खड्ड्यानं. आमच्याकडं खणणाऱ्या माणसांची रीत आहे. माणूस मावेल एवढा खोल खड्डा रात्रभर रिकामा ठेवायचा नाही, नाहीतर तो माणूस मागतो. काम अर्धं राहिलं तर संध्याकाळी तळाला पानं अंथरायची, वरून माती लोटायची, आणि सकाळी हळद टाकून माती परत काढायची. रांध्याच्या त्या खांबाच्या वेळी सिमेंट आलं नव्हतं. अरविंदभाईचा माणूस म्हणाला, भरायचं आणि काढायचं, दुप्पट काम कशाला? कारभारीनं त्याचं ऐकलं. खड्डा कितीतरी रात्री तोंड उघडून पडला. नवनाथ गेल्यावर बाकी सगळे पट्ट्याला आणि वाऱ्याला शिव्या देत होते. हा एकटा भिंतीकडं तोंड करून म्हणायचा, "त्यानं मागितला आन् मी दिला."

त्यानंतर वरचा माणूस म्हणून अरविंदभाईनं माझ्या धाकट्याचं, समाधानचं, आमच्या सम्याचं, नाव काढायला सुरुवात केली. "भाई चढता था, ये भी चढेगा. खून में है." मी ऐकून घेतलं नाही. पण किती दिवस?

तेवढ्यात ती अमृता आली.

खानवेलच्या वरच्या टेकडीवर, पाड्याच्या पाण्याच्या पंपासाठी पवनचक्की बसायची होती. इंजिनियर म्हणून ही पोर आली. कोकणातली, अंगात पुरुषी शर्ट, डोक्यावर टोपी, पायांत मुलांचे बूट. आमचा मुक्काम टेकडीवरच होता, मी चुलीपाशी होते. मला वाटलं, आता ही आम्हाला पहार धरायला शिकवणार.

ती सरळ चुलीपाशी येऊन उकिडवी बसली. जळणातली एक काठी घेतली, तिच्या शेंड्याला चार सुतळ्या बांधल्या, बूड दगडाला टेकवलं.

"मावशी, हा नवा खांब. एकच पाइप. बुडाशी बिजागरी, दाराला असते तशी. चार बाजूंनी चार ताण, म्हणजे जमिनीत रोवलेल्या तारा. काम निघालं की एक ताण सोडायचा आणि खांब जमिनीवर आडवा करायचा. पंखा तुमच्या गुडघ्याशी येतो. ग्रीस द्या, बोल्ट आवळा, परत उभा करा."

"म्हंजे वर चढायचं नाही?"

"कोणीच नाही. कधीच नाही."

माझा हात पिठात तसाच राहिला. पण आपण लगेच पाघळायचं नसतं. मी म्हटलं, "आन् वारं आल्यावर हा तुझा दारासारखा खांब आपोआप आडवा झाला मग?"

"म्हणून तर ताणाचे खड्डे नीट पाहिजेत," ती म्हणाली. "सगळा जीव त्यांच्यात आहे."

तिनं ओल्या मातीत बोटानं खड्डा काढून दाखवला. तोंड लहान, खाली पोट फुगीर, रांजणासारखं. त्या पोटात काँक्रीट जाऊन बसणार. त्याच्यावरची माती कुदळ न लागलेली, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली. "ताणानं ओढलं तर ठोकळा एकटा येत नाही, मावशी. त्याला वरची सगळी टेकडी उचलावी लागते."

कारभारी मागं उभा राहून ऐकत होता. त्यानं विडी विझवली. "येवढ्याशा खड्ड्यावर खांब? हा तर कुत्रं पुरायचा खड्डा झाला."

"काका, काँक्रीट कमी, पण धरून जास्त ठेवतो."

"धरंल, धरंल," कारभारी म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. ज्या भिंती तो ओळंब्यात घ्यायचा त्या आता कोणालाच नको होत्या. पण रात्री जेवताना सम्याच्या ताटात भाकरी टाकत तोच म्हणाला, "वर चढायचं नाही म्हणते. करू आपण. जशे पाहिजे तशे करू."

खणायला लागलो. उन्हानं मुरूम तव्यासारखा तापायचा. वरचं तोंड कारभारी घ्यायचा, पोट मात्र सम्यानं कापायचं, कारण आत तोच मावायचा. खाली दुमडून बसायचा, आखूड दांड्याच्या कुदळीनं बाजूची माती ओरबाडायचा. मी आणि सोनी दोरावर घमेलं ओढायचो. तो वर आला की कानांत, पापण्यांत, दातांत लाल माती. थुंकला तरी लाल. सोनीनं एकदा पाण्याचा तांब्या दिला, तर हा म्हणतो, "वहिनी, मडकं आतून कसं दिसतं ते मले विचार." कितीतरी महिन्यांनी ती हसली होती.

चौथ्या खड्ड्याचं पोट झालं त्या दिवशी काँक्रीट यायचं होतं. मिक्सर घेऊन येणारा ट्रॅक्टर घाटात बंद पडला. ऊन उतरेपर्यंत आम्ही रस्त्याकडं डोळे लावून बसलो. शेवटी अमृता गाडीला किक मारता मारता म्हणाली, "उद्या सकाळी नक्की येतोय. काका, खड्ड्यांवर प्लास्टिक टाका, भोवती काटे लावा. आत सुटी माती अजिबात जाऊ देऊ नका. एक घमेलंसुद्धा नको."

"नाही जाणार," कारभारी म्हणाला.

त्या रात्री मी टेकडीवर नव्हते. सम्याही पाड्यावर झोपायला गेला होता. सोनीला ताप भरला होता. तिला घेऊन मी शेवटच्या बसनं राखोलीला आले. सकाळी परत गेले तेव्हा काँक्रीट ओतणं चालू होतं. कारभारीच्या कोपरापर्यंत माती, नखांत माती, डोळे तांबडे.

"झोपले नाही?" मी विचारलं.

"खड्डे साफ केले."

त्या माणसाला साफसफाईचं वेड आहे, हे मला लग्नापासून माहीत. मी चूल पेटवली.

काँक्रीट सुकेपर्यंत आम्ही पाणी मारत राहिलो. मग एके दिवशी दुपारी खांब उभा करायचं ठरलं. पश्चिमेला ढग जमायला लागले होते, हवेत चिकचिक. पाड्यावरची माणसं पोरं काखेत घेऊन आली होती. अरविंदभाई पांढऱ्या बुटांत आला, नारळ त्यानं फोडला. खांब जमिनीवर पसरलेला, शेंड्याला पंखा, बुडाशी एक छोटा खांब काटकोनात. विंचनं, म्हणजे तार गुंडाळायच्या हातरहाटानं, छोटा खाली ओढला की मोठा वर उठतो, असं त्याचं गणित. विंच उगवतीकडच्या खड्ड्याच्या ठोकळ्याला अडकवला होता. दांडा सम्याच्या हातात.

"सुरुवातीला सगळ्यात जास्त ओढ येते," अमृता ओरडून सांगत होती. "हळू. समाधान, हळू."

दांडा फिरायला लागला. तार ताठ झाली, गुणगुणायला लागली. शेंडा जमिनीवरून सुटला. पाड्यावरच्या बायांनी तोंडावर पदर घेतले. खांब डोक्याएवढा वर आला, मग झोपडीएवढा. मी मनात म्हटलं, नवनाथा, बघ रे, तुझ्या भावाचे पाय जमिनीवर आहेत.

कारभारी ठोकळ्यापाशी उभा होता. खांबाकडं कोणीही बघावं, हा मातीकडं बघत होता. ठोकळ्याच्या कडेची माती हलकीच वर आली, खालून उंदीर पोखरतो तशी.

"सम्या, सोड!" तो ओरडला आणि पोराच्या छातीवर दोन्ही हात मारून त्यानं त्याला बाजूला ढकललं.

ठोकळा उपटून निघाला. दात पडावा तसा, सरळ, काहीही न धरता. खांब खाली आला. त्याचा आवाज मी सांगू शकत नाही. पंख्याची पाती फुटून गवतात उडाली. विंच, तार आणि ठोकळा पुढं ओढले गेले आणि वाटेत कारभारीचा उजवा पाय होता.

तो ओरडला नाही. नुसता बसला. चप्पल कुठं आणि पाऊल कुठं, ते कळत नव्हतं. सम्यानं शर्ट काढून गुंडाळला. तो लगेच भिजला. मी कारभारीचं डोकं मांडीवर घेतलं, तर तो माझ्याकडं न बघता त्या निघालेल्या ठोकळ्याकडंच बघत होता.

सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात त्याच्या पायाची बोटं काढली. अर्धं पाऊल राहिलं, पण चालणं गेलं, असं डॉक्टर म्हणाले. अरविंदभाई संध्याकाळी केळी घेऊन आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून फोनवर बोलला, मग माझ्याकडं वळला.

"बायडाबेन, ये पोरगीचा नवा डिझाइन फेल छे. माझ्या यार्डात जुने खांब पडलेत, तेच लावू. मजबूत. परखेला माल."

"आन् वर कोण चढणार?"

"समाधान छे ने." तो हसला. "आता घर कोण चालवणार? कारभारीभाई तर बसला."

सम्या दाराशी होता. म्हणाला, "टेन्शन नको घेऊ माय. मी डबल हूक लावेल."

डबल हूक. नवनाथही असंच काहीतरी म्हणायचा.

अमृता बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. तिच्या बुटांवर अजून माझ्या नवऱ्याचं रक्त वाळलेलं होतं. कागद मांडीवर, पण ती बघत होती समोरच्या भिंतीकडं. मला बघून उठली. "मावशी, माझं कुठं चुकलं, तेच कळत नाही. मी तीनदा..." मला तिचा राग आला होता. मला वाटत होतं, हिच्या नादी लागलो आणि एक पोरगा गमावलेल्या घरात आता बापाचा पायही गेला.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेले. आमची भांडी, पहारी, घमेली तिथंच पडली होती. चोरानं नेली तर परत कोण देणार? पाड्यावरची दोन पोरं पंख्याचं तुटलेलं पातं घेऊन खेळत होती. मी त्यांना हाकललं आणि ठोकळ्यापाशी थांबले.

त्याला पोट नव्हतं.

मी भोवती फिरून बघितलं. रांजण असायला पाहिजे होता, तर हा वरपासून खालपर्यंत उभा, डब्यासारखा. खड्ड्यात वाकून बघितलं. सम्यानं कापलेलं पोट तिथंच होतं, पण त्याच्यात काँक्रीट गेलंच नव्हतं. भुसभुशीत माती भरलेली होती. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. मातीबरोबर काळं, कुजलेलं पान हाताला आलं. सागाचं. मग मी ठोकळ्याचा तळ बघितला. सिमेंटवर सागाच्या पानाची शीर न शीर उमटलेली होती. इतकी स्वच्छ, की मेंदी काढणारीनं काढावी.

मी तिथंच खाली बसले.

पानं अंथरली होती. माती लोटली होती. सकाळी परत काढली होती. पण पोटातली कशी निघणार? त्यासाठी कोणीतरी आत उतरायला पाहिजे, आणि आत मावायचा तो एकटा सम्या. रात्रभर जो खड्डा भरून ठेवावा लागला, त्या खड्ड्यात हा बाप आपल्या उरलेल्या पोराला उतरवणार नव्हता. वरूनच लांब दांड्याच्या फावड्यानं हाताला आलं तेवढं काढलं असेल. वरून पोट दिसत नाही. हा समजला, झालं साफ.

सगळं सम्यासाठी. आणि त्याच्यामुळंच सम्या आता खांबावर चढणार होता.

दवाखान्यात गेले तेव्हा कारभारी जागा होता. पाय उशीवर, पट्टीवर माश्या. मी पदरानं वारा घातला. भांडी आणली म्हणून सांगितलं.

"दिसलं?" त्यानं विचारलं.

"पानं दिसली."

त्यानं डोळे मिटले. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता, तो थांबेपर्यंत आम्ही थांबलो.

"कोनाले सांगू नको."

"ते सम्याले जुन्या खांबावर चढवून राह्यले. अरविंदभाईनं पट्टा मापाला बोलावलं त्याले."

"मी बोलेल त्याच्याशी."

"काय बोलाल? चढू नको म्हनाल? आन् खाईल काय तो?"

"बायडे," तो म्हणाला. या नावानं त्यानं मला किती दिवसांत हाक मारली नव्हती. "माझ्याजवळ दुसरं काय आहे? शिरपूरच्या कारभारीचा खड्डा. येवढंच लोक बोलतात. ते राहू दे."

मी त्याच्याकडं बघितलं. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, पट्टीखाली पाऊल अर्धंच. मला त्याची दया आली. पण दया आली म्हणून मी उठायची थांबले नाही.

राखोलीच्या यार्डात जुने खांब गंजत पडले होते. अरविंदभाई खुर्चीवर, भोवती चार टोळ्यांची माणसं. सम्या कमरेला पट्टा लावून उभा, एक जण बकल आवळत होता. अमृता टेबलाशी, तिचा राजीनामाच घेतल्यासारखं तोंड. मी सरळ मध्ये गेले आणि सम्याच्या कमरेचा पट्टा सोडला.

"माय, काय करून राह्यली?"

"गप." मग मी मोठ्यानं बोलले, कारण हळू बोलायची मला सवय नाही. "अरविंदभाई, खांबाचा दोष नाही. पोरीचाही नाही. खड्ड्याच्या पोटात माती होती. माझ्या मानसानं रात्री खड्डे भरले आन् सकाळी काढले, पोटातली राहिली. जाऊन बघा. ठोकळ्यावर पानं उमटलीत."

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, शिरपूरचा ओळंबा!" आणि हसणं सुरू झालं. ज्या माणसांना कारभारीनं पहार धरायला शिकवलं, ती हसत होती. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघितलं. हसायचं असेल तर माझ्याकडं बघून हसा. एकेक जण गप्प झाला.

सम्याचा चेहरा काळा पडला होता. "बाबाची इज्जत चव्हाट्यावर मांडली तू."

"मांडली. तुझ्या भावाले मी माळावरून उचलून आनलं. तुले उचलायले मी जानार नाही."

अमृता माझ्यापुढं आली. मला वाटलं, आभार मानेल. ती भडकली होती.

"मी सांगितलं होतं. एक घमेलंसुद्धा नको म्हणाले होते. माणूस मेला असता, मावशी!"

"तू नको म्हनालीस. पन रात्री खड्डा रिकामा ठेवता येत नाही, हे तू आमाले इचारलं नाहीस."

"ते कोण विचारतं?"

"म्हनून म्हनते."

अरविंदभाई मात्र सुटल्यासारखा खुर्चीत मागं रेलला. नव्या खांबांचे पाइप त्यानं कापून ठेवलेले होते, ते वाया जाणार नव्हते. दोष द्यायला माणूस मिळाला होता. "तो चालो," तो म्हणाला, "नवा खांब चालू राहील. पण ही टोळी नाही. दवाखाना पण तुमचा तुम्ही बघा, बेन. गलती तुमची." त्यानं केळ्यांचं नाव काढलं नाही, एवढीच मेहरबानी.

उरलेले तीन ठोकळे अमृतानं उपसून काढायला लावले. तिन्हींना पोट नव्हतं. तिन्हींवर पानं.

कारभारी घरी आला तो कुबडी घेऊन. यार्डातली गोष्ट त्याच्याआधी खोलीत पोचलेली होती. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. पाणी सोनीकडं मागायचा. मी ताट ठेवलं तर तसंच राहायचं. सोनीनं उचलून परत त्याच्यापुढं ठेवलं की जेवायचा. पावसाळा असाच गेला. पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि आम्ही दोघं दोन भिंतींना टेकून बसायचो. सम्या धाग्याच्या कारखान्यात लागला. बारा तास उभा राहून पाय सुजवून यायचा, कानांत कापूस, केसांत कापूस. माझ्याशी तोही तुटकच. पण रोज संध्याकाळी दारात त्याचे पाय दिसायचे. मी पायच बघायचे.

एकदा बाजारात अमृता भेटली. मी तोंड फिरवलं नाही, तिनंही नाही. म्हणाली, "पोट आता शेवटी कापतो आम्ही, मावशी. आधी सरळ खड्डा. मिक्सर टेकडीवर चढला, डोळ्यांना दिसला, की मगच माणूस आत उतरतो. नकाशातच तसं लिहिलंय. खानवेलला दिवाळीनंतर परत उभा करतोय."

"आन् सरळ खड्डा रात्री उघडाच?"

"लोखंडी झाकण टाकतो."

घरी येऊन सोनीला सांगितलं. कारभारी पलीकडं कुबडीचं रबर बसवत होता. त्यानं मान वर केली नाही.

दिवाळी झाली. एक दिवस दुपारी पाणी भरून आले तर खोलीत कुबडी नव्हती.

"बाबा कुठं गेले?"

"खानवेलच्या बसनं गेले," सोनी म्हणाली. "थांबवलं तर म्हणाले, काम आहे. आत्याबाई, तुम्हाले सांगू नको म्हणाले."

मी भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वर मिरचीचा ठेचा, आणि पुढची बस धरली. टेकडी चढताना दम लागला. हा एका पायावर कसा चढला असेल, कोण जाणे. ऊन कलतं होतं. गवत पिवळं पडलं होतं, कापलेल्या गवताचा वास. वर जव्हारकडची टोळी पहारी आवरून खाली निघाली होती. त्यांचा मुकादम मला ओळखत नव्हता.

"मिक्सर नाही आला," तो म्हणाला. "आणि झाकणंही उद्या येणार म्हणे. वर एक लंगडा म्हातारा येऊन बसलाय. उठ म्हटलं तर उठत नाही. तुमचा आहे का?"

"माझा आहे."

नवा खांब जमिनीवर पडून होता, शेंड्याला नवीन पंखा. चार दिशांना चार खड्डे, सरळ, उघडे. बऱ्यापैकी खणलेले, पण भिंती ओळंब्यात नव्हत्या. उगवतीकडच्या खड्ड्याच्या काठावर कारभारी बसला होता. आत पाय सोडलेले, एक पूर्ण, एक अर्धा, मांडीवर कुबडी आडवी. माती कुठंच लोटलेली नव्हती. एक पानसुद्धा नव्हतं; मातीच्या जागी हा स्वतः बसला होता.

मी फडकं त्याच्याजवळ ठेवलं. तो खड्ड्यात बघत राहिला.

"थंडी पडंल रात्री," मी म्हटलं.

खालून शेवटच्या बसचा हॉर्न वाजला. आम्ही दोघांनी तो ऐकला. आवाज वळणावर विरून गेला.

मग तो बोलला. आवाज गंजल्यासारखा झाला होता.

"चार खड्डे आहेत. मी एकावरच बसू शकतो."

मी एक भाकरी त्याच्यापुढं ठेवली, दुसरी पदरात घेतली, आणि मावळतीकडच्या खड्ड्यावर जाऊन बसले.